खाली बसलेला काटा

सोमा जाधवचा दिवस पावणेचारला सुरू व्हायचा. खारबावला घरामागच्या दगडावर उभं राहून तो चार तांबे गार पाणी अंगावर घ्यायचा. चूल पेटवली तर धुरानं बायको, शेवंता, उठणार, ती उठली की पोरं उठणार, म्हणून पाणी गारच. मे महिन्यात ठीक होतं. डिसेंबरात काय होत असेल ते मी त्याला विचारलं नाही आणि त्यानंही कधी सांगितलं नाही. सव्वाचारला सायकल. भिवंडीत शिरताना रात्रपाळीचे लूम खडखडत असायचे, बाहेर पडताना दूधवाले भेटायचे, आणि साडेपाचच्या आत तो वडप्याला केसरीनाथशेठच्या दारात पोचायचा. मोटार पुसायची, पाणी-ऑइल बघायचं, इंजिन चालू करून ठेवायचं. पावणेसहाला शेठ शाल पांघरून बाहेर यायचे.

हे मी खात्रीनं सांगतो. शेठच्या घरासमोर, हायवेच्या कडेला राघो मिस्त्रीचं गॅरेज होतं आणि तिथं मी एकवीस वर्षं फिटर होतो. राहायलाही तिथंच. माणूस किती वाजता येतो आणि किती वाजता आलो म्हणून सांगतो, यातला फरक मला पत्र्याच्या फटीतून दिसायचा. सोमाच्या बाबतीत तो फरक नव्हता.

केसरीनाथशेठ गवताचे व्यापारी. वाडा तालुक्याकडच्या गावांतून गवत घ्यायचं, दाबून गठ्ठे बांधायचे, मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचं. त्यासाठी रोज सकाळी अंबाडीला फेरी. मोटार पांढरी, पेट्रोलवर चालणारी, एका डॉक्टराकडून जुनी घेतलेली. डॉक्टराकडे तिनं काय पाहिलं असेल ते असो. शेठकडे ती वर्षभर गवताच्या ट्रकांमागून धावायची.

१९८६ च्या मे महिन्यात ती तापली. शेठच्या भाचीच्या हळदीला निघाले होते. मागं चार बायका, मांडीवर ताटं, आणि पुढून वाफ. शेठनी ती गोष्ट मनाला लावून घेतली, कारण बायकांनी ती विसरू दिली नाही. दुसऱ्या दिवशी मोटार आमच्या गॅरेजात आली.

मी रेडिएटर उतरवला. जाळीत गवताचं भुसकट इतकं बसलं होतं की वारा जायला जागा नव्हती. तार, ब्रश आणि पाण्याचा मारा. पूर्ण दिवस गेला, बोटांची सालं निघाली. संध्याकाळी सगळं परत चढवताना राघोनं विचारलं, वॉल काढलास का?

वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर बसवलेली पितळेची लहानशी झडप. इंजिन थंड असेपर्यंत ती वाट बंद ठेवते, म्हणजे आतलं पाणी आतच फिरून लवकर तापतं. पुरेसं तापलं की उघडते. आमच्याकडे तिला हे काम करू द्यायची पद्धत नव्हती. गाडी कुठल्याही कारणानं तापून आली की आधी वॉल काढायचा. राघोच्या उस्तादानं काढला म्हणून राघोनं काढला, राघोनं काढला म्हणून मी काढला. राघो म्हणायचा, ‘हा बर्फाच्या देशातला वॉल हाय. आपल्याकडं काय बर्फ पडतो?’ काढलेले वॉल तो तारेत ओवून भिंतीला टांगायचा, पुढंमागं पितळ म्हणून विकायला. तीस-चाळीस तरी होते. दुरून हारासारखे दिसायचे, आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, मिस्त्रीचा अनुभव दांडगा आहे.

तीन नट, एक पॅकिंग. वीस मिनिटांत मी वॉल काढला आणि हारात ओवला. म्हणजे त्या मोटारीची मी दोन कामं केली, एक गरजेचं आणि एक रिवाजाचं. गरजेच्या कामाला दिवस लागला, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. वीस मिनिटांच्या कामाची कीर्ती वडपेभर झाली.

पाणी किती तापलंय ते दाखवणारा काटा खाली बसला तो बसलाच. शेठ खूश. पाहुणा आला की त्याला मोटारीत बसवून काटा दाखवायचे. अंबाडीहून परत आल्यावर लोकांना बॉनेटवर हात ठेवायला लावायचे. तापानं फणफणलेल्या पोराचं अंग गार लागल्यावर घरात जसा आनंद होतो, तसा तो आनंद होता. अंग फारच गार लागलं तर तेही दुखणं असतं, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही.

दिवाळीनंतर थंडी पडली. वडप्याचा माळ उघडा, पहाटे हातात पाना धरवत नाही. मोटार कुरकुरू लागली. थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा चोक ओढल्याशिवाय चालेना, तो आत ढकलला की आचके देई. धूर काळा, त्याला कच्च्या पेट्रोलचा वास. सोमवारी भरलेली टाकी रविवारपर्यंत पुरायची, ती शुक्रवारी कोरडी पडू लागली.

कारण शोधायला शेठना लांब जावं लागलं नाही. त्या काळी आमच्या नाक्यावर ड्रायव्हरनं मालकाच्या टाकीत नळी घालणं ही चोरी नव्हती, वहिवाट होती. शेठनी टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं आणि चावी कमरेच्या करदोट्याला बांधली. पेट्रोल तरी शुक्रवारीच संपलं. यावरून दुसऱ्या कोणाला वाटलं असतं की सोमा पेट्रोल काढत नाही. शेठनी ठरवलं की त्याच्याकडे दुसरी चावी आहे.

मग एके सकाळी नाक्यावर, जानकीबाईच्या चहाच्या टपरीसमोर, चार माणसांत शेठ त्याला म्हणाले, ‘सोम्या, संक्रांतीपर्यंत पेट्रोल सरळ झालं न्हाय, तर सायकल उलटी वळवायची.’

सोमानं चहा अर्धा ठेवला आणि मोटार पुसायला गेला. ती त्यानं सकाळीच पुसली होती. नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली नसती; ड्रायव्हर ठेवताना आमच्याकडे गाडी कशी चालवतो हे विचारत नाहीत, का सुटला ते विचारतात. पण त्याला जास्त लागलं ते वेगळ्या ठिकाणी. त्याचा बाप रेल्वेत गँगमन होता. बत्तीस वर्षं रुळांवर काम केलं आणि लोखंडाचा एक खिळा घरी आणला नाही, असं खारबावला लोक अजून सांगायचे. सोमा कुठंही गेला तरी त्या म्हाताऱ्याचा मुलगा म्हणून ओळखला जायचा. ती ओळख आता वडप्याच्या चहाबरोबर खारबावला पोचणार होती.

त्यानं शेठना एवढंच म्हटलं की आधी मोटार मिस्त्रीला दाखवा. शेठनी दाखवली.

मी प्लग साफ केले, पॉइंट घासले, कार्बोरेटर खोलून धुतला. फरक नाही. मग ऑइलचं झाकण उघडलं तर आतून ताकासारखा पांढरा फेस. म्हटलं, सापडलं. हेडचं गॅस्केट गेलंय, पाणी ऑइलात उतरतंय. हेड खोलला. गॅस्केट धडधाकट. तरी नवं घातलं, हेड आवळला, सगळं पहिल्यासारखं केलं. दोन दिवस मी मन लावून चुकीच्या जागी काम केलं. इंजिन कधी नीट तापतच नव्हतं, म्हणून आतला ओलावा उडून जात नव्हता आणि ऑइलात मिसळून त्याचा फेस होत होता, हे मला तेव्हा कळलं नाही. राघोनं दोन दिवसांचं बिल केलं आणि शेठना छातीठोक सांगितलं की इंजिनात काडीचाही दोष नाही.

झालं. इंजिनात दोष नाही, मग दोष उरला एकाच्याच अंगात.

सोमानं शाळा सातवीत सोडली होती. इंजिनाचं पुस्तक त्यानं पाहिलं नव्हतं. मीही पाहिलं नव्हतं. पण तो रोज गाडीत बसायचा आणि बघायचा. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी तो माझ्याकडे आला. म्हणाला, भिवंडीच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगेत अडकलो की काटा वर येतो. काटा वर आला की गाडी चोकशिवाय चालते, आचके देत नाही. रांग सुटून वारा लागला की काटा बसतो आणि गाडी पुन्हा रडते. एका पहाटे त्यानं खोक्याचा पुठ्ठा फाडून रेडिएटरपुढं लावला, तर अंबाडीपर्यंत गाडी पूर्वीसारखी गेली. अंबाडीला शेठनी पुठ्ठा पाहिला आणि चार लोकांसमोर ओढून टाकला. हळदीची वाफ ते विसरले नव्हते.

‘काळूदादा,’ तो म्हणाला, ‘मे महिन्यात गाडीला काय घातलंत आणि काय काढलंत?’

घातलेलं मी सगळं सांगितलं. काढलेलं सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. ते काम मी कामात धरलंच नव्हतं. सोमा मात्र भिंतीवरच्या हाराकडे बघत राहिला.

जानकीबाईकडून पातेलं मागितलं. ती म्हणाली, माझ्या चहाला लोक आधीच नावं ठेवतात, आता त्यात पितळ शिजवा. तरी तिनं जुनं पातेलं दिलं आणि बघायला उभी राहिली. हारातला एक वॉल सुतळीला बांधून पाण्यात सोडला. पाणी खदखदलं तरी तो मिटलेलाच. दुसरा आधीपासूनच उघडा अडकलेला. तिसऱ्याची स्प्रिंग तुटलेली. चौथा सोडला तेव्हा पाण्याला नुकती चुळबुळ सुरू झाली होती. कडेनं एक फट दिसली, मग तो हळूहळू पूर्ण उघडला. बाहेर काढून गार होऊ दिला तर आपणहून मिटला. पुन्हा सोडला, पुन्हा उघडला.

मी तोवरच्या चौदा वर्षांत असे शेकड्यानं काढले होते. एकही काम करताना पाहिला नव्हता.

राघोनं त्या वॉलचे पैसे सोमाकडून घेतले. तो वॉल शेठच्याच मोटारीतून काढलेला असण्याची शक्यता बरीच होती, पण हारातल्या वॉलवर नाव नसतं. त्याच दुपारी मी तो बसवला. शेठ गावाला गेले होते. त्यांना आत्ता सांगू नको, असं सोमाच म्हणाला. पुठ्ठा ओढून टाकला तसा वॉलही काढायला लावतील. आधी टाकी पुरू दे, मग सांगतो.

इथं तो चुकला. चांगलं काम गुपचूप करू नये, त्याचं श्रेय भलत्यालाच जातं.

काटा मधोमध उभा राहिला. चोक सुटला, धूर सुटला, टाकी पुन्हा रविवारपर्यंत जाऊ लागली. संक्रांतीला शेठ टपरीवर आले, चार माणसं होतीच. त्यांनी सोमाच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाले, ‘घे. माणूस चुकतो. मी विसरलो.’ मग बाकीच्यांना समजावून सांगितलं की ड्रायव्हरला वेळेवर दम दिला की पेट्रोल आपोआप जागेवर येतं.

सोमानं तेव्हा वॉलचं सांगितलं. शेठ हसले. एवढीशी पितळेची टिकली आठवड्याला दोन दिवसांचं पेट्रोल पिते काय, म्हणाले, आणि राघोकडे वळले. राघोनं महिन्यापूर्वीच इंजिन निर्दोष ठरवलं होतं. तो म्हणाला, ‘वॉलनं काय होतंय शेठ? आपल्याकडं काय बर्फ पडतो?’

मी तिथं होतो. हातात पाना होता. पातेल्यातला वॉल मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. मी बोललो नाही. राघो माझा मालक होता आणि वॉल काढणारा हात माझा होता.

दुपारी सोमा गॅरेजात आला आणि म्हणाला, वॉल परत काढा.

मी त्याला समजावलं. नोकरी राहिली, शेठ गोड बोलतात, पेट्रोल पुरतंय. आणखी काय पाहिजे?

‘माफी चोराला असते, काळूदादा. मी ती घेऊन घरी कसा जाऊ?’

शेठपुढं त्यानं जे ठेवलं ते साधं होतं. दोन पहाटा. एक लिटर पेट्रोल, शेठनी आपल्या हातानं मोजलेलं. पहिल्या दिवशी वॉलशिवाय, दुसऱ्या दिवशी वॉल घालून. शेठनी स्वतः बसायचं. दुसऱ्या दिवशी गाडी पुढं गेली नाही तर सोमा नाक्यावर सगळ्यांसमोर चोरी कबूल करून सायकल वळवणार. शेठना न्यायाधीश व्हायला आवडायचं. ते तयार झाले.

मी वॉल काढला आणि टाकीची नळी सोडवून बॉनेटखाली बांधलेल्या लिटरच्या डब्याला जोडली. डबा शेठनी भरला, दोनदा उजेडात धरून पाहिला. पहिल्या दिवशी पावणेसहाला निघालो. सोमा चालवायला, शेजारी शेठ, मागं मी. नाशिकच्या बाजूला रस्ता मोकळा होता. काटा खालीच. चोक अर्धा बाहेर, तरी मोटार दर चढाला खोकत होती. निघाल्यापासूनचा सातवा किलोमीटरचा दगड गेला, आणि थोडं पुढं एका बाभळीपाशी तिनं दोन आचके दिले आणि उभी राहिली. शेठनी रस्त्यावर सांडलेल्या गवताची मूठभर पेंडी उचलली आणि बाभळीच्या बेचक्यात खोचली. गवताचा व्यापारी, खूणही गवताचीच.

संध्याकाळी शेठसमोर मी वॉल बसवला. तीन नट, एक पॅकिंग. या वेळी ते काम मी कामात धरलं.

दुसरी पहाट तशीच, थंडी तशीच, डबा तोच. तिसऱ्या दगडाशी काटा मध्यावर आला. सोमानं चोक पूर्ण आत ढकलला. मोटार खोकली नाही. सातवा दगड गेला. बाभूळ आली तसे शेठ मान वळवून पेंडीकडे बघत राहिले, बाभूळ मागं पडेपर्यंत. मग सरळ समोर बघू लागले. आठवा दगड. नववा. दहाव्याच्या अलीकडे, चढावर, पेट्रोल संपलं.

शेठ उतरले, बॉनेटवर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला. मग करदोट्याची गाठ सोडवून चावी सोमापुढं धरली.

‘घे. तुझ्याकडं ठेव.’

‘चावी नको, शेठ,’ सोमा म्हणाला. ‘कुलूप काढा.’

शेठ मोटारीच्या मागं जाऊन वाकले. कुलपात रस्त्याची धूळ बसली होती, चावी फिरेना. बराच वेळ लागला. मला सवयीनं पुढं जावंसं वाटलं, पण सोमा हात मागं बांधून उभा होता, म्हणून मीही उभा राहिलो. कुलूप निघाल्यावर शेठ कुलपाकडे बघतच म्हणाले, ‘पेट्रोल तू घेत न्हवतास.’

नाक्यावर मात्र हे वाक्य ते बोलले नाहीत. म्हणून ते मी बोललो. जानकीबाईला सांगितलं, तिला सांगितलं की वेगळी दवंडी लागत नाही. राघोनं मला आठ दिवस कामावरून काढलं, मग बोलावून घेतलं, कारण तोवर त्याच्याकडे काम वाढलं होतं. शेठ गावभर सांगत होते की मोटार थंड पडतेय हे त्यांनीच ओळखलं. जो तो मोटारमालक वॉल बसवून मागू लागला. राघोनं हार उतरवला, चांगले वॉल निवडले आणि ज्यांच्या गाड्यांतून काढले होते त्यांनाच विकले. गिऱ्हाइकांना तो सांगायचा, ‘वॉल काढणारा मिस्त्री अडाणी.’ सोमाचा खरा फायदा झाला तो नाक्यावरच्या नळीवाल्यांना. पुढं कित्येक वर्षं टाकी लवकर संपली की ते मालकाला गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, ‘शेठ, वॉल गेला असंल.’

ते कुलूप शेठनी गवताच्या वखारीला लावलं. सोमा त्यानंतर अकरा वर्षं त्यांच्याकडे होता, त्याच पगारावर, त्याच वेळेवर. पेट्रोलचा विषय पुन्हा निघाला नाही. ९८ साली वखार मोडली आणि जागा गोदामाला गेली. शेठच्या मुलांनी नव्या गाड्या आणि नवे ड्रायव्हर आणले. सोमाला शेवटचा पगार हातात देऊन घरी पाठवलं.

मी त्या हिवाळ्यात खारबावला गेलो होतो. सात वाजले होते आणि तो नुकताच उठला होता. घरामागच्या त्याच दगडाशेजारी शेवंता लाकडं सारत होती. सोमा जवळ उभा राहून हाताच्या पाठीनं अंदाज घेत होता आणि पुरेसं तापल्याशिवाय पाणी काढू देत नव्हता. शेवटच्या पगारातून त्यानं भिवंडीच्या बाजारातून तांब्याचा बंब घेतला होता.